ॲक-टोला जाणारी बोट

ॲक-टो हा ग्रह कुणाला सहजासहजी सापडत नाही, असं ‘स्टार वॉर्स’मध्ये मानतात. लूक स्कायवॉकर तिथे जाऊन लपला आणि त्याच्या पत्त्यापायी ‘द फोर्स अवेकन्स’ (2015) हा अख्खा चित्रपट खर्ची पडला. आपल्याला एवढा खटाटोप नको. आयर्लंडच्या नैऋत्येला, केरी काउंटीत पोर्टमगी नावाचं कोळ्यांचं गाव आहे. तिथून बारा माणसांची बोट सुटते. अट एकच, समुद्र शांत हवा. हंगाम साधारण मे ते सप्टेंबर, आणि त्यातही लाटा चढल्या की फेरी रद्द.

पडद्यावर ॲक-टो म्हणून दिसलेलं बेट किनाऱ्यापासून जेमतेम 12 किलोमीटर. पण अटलांटिकच्या त्या पाण्यात बोट अशी काही उसळते, की बारातले निम्मे लोक गप्प होतात. वाटेत धाकटं स्केलिग लागतं. लांबून बर्फ पडल्यासारखं पांढरं दिसतं. जवळ गेलं की ते सगळे गॅनेट पक्षी निघतात, आणि वासही येतो. मग समोर थोरलं, स्केलिग मायकेल. पाण्यातून सरळ 218 मीटर वर गेलेला काळा सुळका.

चढण्याआधी गाइड दटावून सूचना देते, कारण इथे लोक पडून मेले आहेत. 618 पायऱ्या, बहुतेक ठिकाणी कठडा नाही, खाली थेट समुद्र. चित्रपटाच्या शेवटी लूकला शोधत आलेली नायिका रे याच पायऱ्या चढते. 2014 च्या जुलैत ते चित्रण झालं. पडद्यावर ती पटकन वर पोचते. आम्ही दर वळणावर दम खात होतो.

या पायऱ्या घातल्या ख्रिस्ती संन्याशांनी. सहाव्या शतकाच्या आसपास ते इथे आले असावेत, असं मानतात. वरच्या मठात मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराच्या सहा झोपड्या आहेत. चुना नाही, माती नाही, नुसते चपटे दगड. प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित आत सरकवलेला आणि दगड बाहेरच्या बाजूला कललेला, म्हणजे पाऊस आत न शिरता ओघळून जातो. बाहेरून गोल, पण वाकून आत गेलं तर खोली चौकोनी! पावसाचं पाणी साठवायला टाक्या, उतारावर दगडी बांध घालून केलेले भाजीचे वाफे. बाकी मासे आणि पक्ष्यांची अंडी.

इथेच माझं चित्रपटाशी पटत नाही. पुढच्या, ‘द लास्ट जेडाय’ या चित्रपटातला लूक या बेटावर मरायला आलेला असतो, रुसून बसलेला. संन्यासी जगापासून लांब आले खरे, पण आल्यावर त्यांनी घाम गाळला. टाकी बांधणाऱ्याला पुढच्या पावसाळ्याची काळजी असते. आणि लपणं त्यांनाही साधलं नाही. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हायकिंग आले, एत्गाल नावाच्या मठप्रमुखाला उचलून नेलं आणि तो उपासमारीने मेला, अशी नोंद आयरिश बखरींत आहे. तरीही मठ पुढे काही शतकं टिकला. बाराव्या-तेराव्या शतकात वस्ती मुख्य भूमीवर बॅलिनस्केलिग्जला हलली.

ॲक-टोवर दिसणारे पोर्ग नावाचे गोलमटोल प्राणीही इथलेच. चित्रीकरणाच्या वेळी बेटावर जिकडेतिकडे पफिन होते. संरक्षित पक्षी, हाकलता येईनात. दर चौकटीतून त्यांना पुसत बसण्यापेक्षा त्यांच्यावरच एक काल्पनिक प्राणी चढवला. आम्ही जूनमध्ये गेलो होतो. चोचीत चांदीसारखे मासे आडवे धरून एक पफिन पायरीवर उभा होता आणि त्याने बिळात शिरेपर्यंत आमची रांग अडवून धरली.

मठाच्या अंगणात खेळण्यातली लाइटसेबर घेतलेल्या एका मुलाने विचारलं, लूकची झोपडी यातली कुठली? 1996 पासून हे बेट जागतिक वारसा आहे, त्यामुळे मूळ झोपड्यांशी खेळ करणं शक्यच नव्हतं. चित्रपटवाल्यांनी 2016 साली डिंगल द्वीपकल्पावर, सिबिल हेडला, तशाच झोपड्यांचा सेट उभारला होता. ‘लूकची काम झाल्यावर मोडली,’ गाइड म्हणाली, ‘इथल्या तेवढ्या राहिल्यात.’ मुलगा जरा हिरमुसला, मग वाकून पहिल्या झोपडीत शिरला.