ऐकलंत का?

एकत्र कुटुंबांत हांक मारणें ही एक कलाच आहे. माजघरांतून निघालेली हांक ओसरी ओलांडून दारापर्यंत पोंचली पाहिजे. पण शेजाऱ्यांस ती भांडण वाटतां कामा नये. "अहो, ऐकलंत का?" या एका प्रश्नावर आमच्या मागल्या पिढ्यांचे संसार चालले. अलीकडे मात्र आमच्या नांदेडच्या घरांत या प्रश्नास उत्तर मिळेनासें झालें आहे. ज्यांना तो विचारावयाचा, त्यांच्या कानांत कपाशीच्या बोंडासारखीं पांढरीं, चिमुकलीं, बिनतारी यंत्रें बसलेलीं असतात. त्यांस इअरबड्स म्हणतात. अकरा माणसांत अशा पांच जोड्या आहेत, व त्यांतील दोन वीस-पंचवीस हजार रुपयांच्या आहेत. "एवढ्यांत पूर्वी मोत्यांच्या कुड्या येत, आणि त्या घालून ऐकूंही येत असे," असें आमच्या आजींचें म्हणणें.

या यंत्रांचें वैद्यपण घरांत माझ्याकडे आलें आहे, आणि रोगी फार असले तरी रोग मोजकेच आहेत असा माझा अनुभव आहे. सर्वांत नेहमींची तक्रार म्हणजे, "काका, उजवा बंद पडला!" बहुधा बिघडलेलें कांहींच नसतें. डबींतील व बड्सवरील धातूचीं बारीक टोंकें मळलेलीं असतात, म्हणून तो बड चार्जच झालेला नसतो. कोरड्या कापसाच्या काडीनें टोंकें पुसलीं कीं काम होतें. तेवढ्यानें न भागल्यास दोन्ही बड्स डबींत ठेवून झांकण लावावें, फोनच्या ब्लूटूथच्या यादींतून त्यांचें नांव काढून टाकावें, व पुन्हां नव्यानें ओळख करून द्यावी. घरांतील कित्येक अबोल्यांवरही हाच उपाय चालतो.

दुसरी तक्रार आवाज बारीक झाल्याची. येथें दोष जाळीवर बसलेल्या कानांतील मळाचा. ती कोरड्या, मऊ ब्रशानें झाडावी. टांचणी किंवा पाणी यांस हात लावूं नये. रबरी टोप्या तीन मापांच्या मिळतात, त्याही पारखून घ्याव्या. आपले दोन्ही कान एकाच मापाचे असतात असें नाहीं. टोपी सैल बसली कीं खर्जाचे सूर निसटतात, आणि मनुष्य उगीच आवाज वाढवीत बसतो.

तिसरी तक्रार खास एकत्र कुटुंबाची. एकदां जोडलेला फोन हीं यंत्रें विसरत नाहींत. त्यामुळें वहिनी फोनवर कीर्तन लावतात, फोन मुका राहतो, आणि कीर्तन गच्चीवर अभ्यास करीत असलेल्या पुतणीच्या कानांत सुरू होतें! ज्याची जोडी त्याच्याच फोनला, एवढा नियम पाळला म्हणजे हा घोटाळा मिटतो.

आवाज मध्येंच तुटतो, याचें कारण बिनतारी लहरींत आहे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालतें, आणि या लहरी शरीरांतील पाणी शोषून घेतें. फोन मागच्या खिशांत असला, किंवा स्टेशनांत गर्दी दाटली, कीं लहरींस वाट मिळत नाहीं. स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यांतील, म्हणून ती सुरू असतां जवळ उभें राहिल्यास खरखर होते. राहिली बॅटरी. ती आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यास भिते. वैशाखांत बंद मोटारींत ठेवलेली डबी लवकर म्हातारी होते.

गंमत अशी कीं ब्लूटूथ हें नांव दहाव्या शतकांतील हॅराल्ड या डॅनिश राजावरून आलें आहे. विखुरलेले लोक त्यानें एकत्र आणले, तशींच यंत्रें एकत्र यावींत ही त्यामागची कल्पना. यंत्रें एकत्र आलीं खरीं. माणसांचें काय झालें, तें आम्हांस गेल्या दिवाळींत कळलें.

माझा धाकटा पुतण्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठीं लातुरास राहतो. 'लातूर पॅटर्न'च्या लौकिकामुळें दूरदूरचीं मुलें तेथें येतात. खोलींत चौघे, खालीं रस्त्याची वर्दळ, आणि दिवसाचे सात-आठ तास कानांत व्याख्यानें. रस्त्याचा आवाज दाबण्यासाठीं हा आपल्या कानांतला आवाज चढवीत गेला. दिवाळींत आजींनीं त्याला हळूच विचारलें, "अरे, तिथं जेवण बरं मिळतं का?" त्यानें तीनदां "काय?" म्हटलें. आजी म्हणाल्या, "म्हातारी मी झाले, आणि कान तुझे गेले होय रे!" सगळे हंसले, तो हंसला नाहीं. रात्रीं त्यानें मला सांगितलें कीं, निजतेवेळीं कानांत रातकिडे ओरडल्यासारखें होतें आणि त्याला भय वाटतें. डॉक्टरांनीं तपासून वरच्या पट्टीचे सूर डाव्या कानास थोडे कमी येत असल्याचें सांगितलें.

मागितल्या उपायांपैकीं येथें एकही चालत नाहीं. आपल्या प्रत्येक अंतःकर्णांत सुमारें पंधरा हजार केशपेशी असतात, व मनुष्याच्या कानांत मेलेली पेशी पुन्हां उगवत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें घातलेली मर्यादा प्रौढांसाठीं ८० डेसिबल आवाज आठवड्यास ४० तास अशी आहे. तोच आवाज ९० झाला कीं मर्यादा चार तासांवर येते. म्हणजे सारा आठवडा पुरावयाची शिदोरी मुलगा एका सकाळींच संपवितो.

याबाबतींत भारी जोडीचा एक उपयोग मात्र कबूल केला पाहिजे. बाहेरच्या आवाजाची उलटी लहर निर्माण करून तो मारण्याची युक्ति जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मनाला तिचें अमेरिकन पेटंट १९३६ सालीं मिळालें. पंख्याची घरघर, गाडीचा खडखडाट असे सततचे, खर्जांतले आवाज तिनें पुष्कळ कमी होतात, आणि मग आपला आवाज चढवावा लागत नाहीं. पुतण्याच्या जुन्या जोडींत ही सोय नव्हती. आतां ती असलेली जोडी घेतली आहे, फोनमध्यें आवाजाची मर्यादा बांधली आहे, आणि तासाभरानें कानांस विसांवा द्यावयाचें ठरलें आहे. पुढच्या तपासणींत डावा कान होता तेथेंच थांबलेला दिसला, व रातकिडेही उतरले आहेत.

घरांतही एक नेम केला. दिवेलागणीपासून जेवणें उरकेपर्यंत पांचही डब्या देवघराच्या फळीवर ठेवावयाच्या. पहिल्या आठवड्यांत कुरकुर झाली. आतां आजी पानावर बसल्या म्हणजे हलक्या आवाजांत विचारतात, "कुणाला काय वाढूं?" आणि उत्तर एकाच वेळीं चार दिशांनीं येतें.