लाकडी पाते: घरी बांधलेल्या विमानांच्या इतिहासातील एक उपेक्षित पान

१/ विमानाचा इतिहास सांगताना आपण पंखांविषयी आणि इंजिनाविषयी भरभरून बोलतो. प्रोपेलर मात्र एका वाक्यात आटोपतो. मला वाटते, स्वतःच्या हातांनी विमान बांधणाऱ्या माणसाची खरी कसोटी त्या पात्यातच लागत आली आहे. ते निवडावे कसे आणि जपावे कसे, या दोन प्रश्नांमागे किती इतिहास दडला आहे, हे सांगण्याचा हा प्रयत्न.

२/ राइट बंधूंचे १९०३ सालचे विमान हेही एका अर्थी घरीच बांधलेले. अमेरिकेतील डेटन गावचे हे सायकलवाले. जहाजाच्या प्रोपेलरचे शास्त्र पुस्तकांत तयार सापडेल, अशी त्यांची अपेक्षा होती. हाती लागले ते केवळ अनुभवाचे ठोकताळे. अनेक महिने दोघे भाऊ वाद घालत राहिले आणि अखेर एका निष्कर्षावर आले: प्रोपेलर म्हणजे गोल फिरणारा पंखच. मग १९०१ साली आपल्या वात-बोगद्यात पंखांसाठी केलेली मोजमापे त्यांनी पात्यांसाठी वापरली.

३/ स्प्रूस लाकडाच्या फळ्या एकमेकींवर चिकटवून, हातांनी तासून त्यांनी सुमारे साडेआठ फूट व्यासाचे दोन प्रोपेलर घडवले. टोकांचे लाकूड चिरू नये म्हणून त्यांवर पातळ कापड चिकटवले. म्हणजे ‘जपणे’ हा विचार पहिल्या उड्डाणाच्याही आधीचा! आधुनिक चाचण्यांत त्यांच्या प्रोपेलरची कार्यक्षमता सुमारे ७५ टक्के वा त्याहून अधिक आढळली आहे.

४/ एकसंध ओंडका का वापरला नाही? कोकणातील पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकणारी दारे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्यामुळे हे कोडे मला फारसे अवघड वाटले नाही. लाकूड दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते, पीळ घेते. अनेक फळ्यांच्या थरांत एकीची ओढ दुसरी सावरते आणि गाठ असलेली फळी आधीच बाजूला काढता येते. २५ जुलै १९०९ रोजी इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या ब्लेरिओच्या विमानावरही शोव्हिएर यांचा असाच थरांचा, अक्रोडाच्या लाकडाचा प्रोपेलर होता.

५/ पाते दगा देते तेव्हा काय होते, याचे उत्तर १७ सप्टेंबर १९०८ या तारखेत आहे. स्थळ फोर्ट मायर, व्हर्जिनिया. ऑर्व्हिल राइट यांच्यासोबत लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज बसले होते. उड्डाणात एका पात्याला लांबीच्या दिशेने चीर गेली. दोन्ही पात्यांचा जोर असमान झाला, कंपने वाढली, प्रोपेलरचा दांडा हलू लागला आणि पाते मागच्या सुकाणूच्या तारेवर आदळले. विमान कोसळले. ऑर्व्हिल गंभीर जखमी झाले. २६ वर्षांचे सेल्फ्रिज दगावले. इंजिनावर चालणाऱ्या विमानाच्या अपघातातील हा पहिला मृत्यू. त्याची सुरुवात लाकडातल्या एका चिरेपासून झाली, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

६/ आता निवडीकडे वळू. स्क्रू एका फेऱ्यात लाकडात जितका शिरतो, तसे प्रोपेलरने एका फेऱ्यात तत्त्वतः जितके पुढे जावे त्या अंतराला ‘पिच’ म्हणतात. पिच कमी असेल तर विमान चटकन उचलते, चढते, पण वेगात मागे पडते. जास्त असेल तर वेग मिळतो, पण धावपट्टी लांब लागते. सायकलच्या गिअरचेच हे तत्त्व. फरक इतकाच, की साध्या लाकडी प्रोपेलरचा गिअर हवेत बदलता येत नाही. आखूड शेतातून उडणाऱ्याने चढाईचा प्रोपेलर घ्यावा, दूरच्या प्रवासाला निघणाऱ्याने वेगाचा.

७/ मग मोठाच प्रोपेलर का लावू नये? हिशेब करून पाहा. ६ फूट व्यासाचा प्रोपेलर मिनिटाला २५०० फेरे घेतो, तेव्हा त्याचे टोक सेकंदाला सुमारे २४० मीटर धावते. फेरे ३५०० केले, तर तेच टोक सुमारे ३३५ मीटरवर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या उंबरठ्यावर पोहोचते. तेथे शक्ती आवाजात वाया जाते. म्हणूनच १९२९च्या सुमारास मिनेसोटातील बर्नार्ड पिटेनपोल यांनी आपल्या विमानाला फोर्ड मॉडेल ए मोटारीचे संथ इंजिन बसवले, तेव्हा त्याला लांब प्रोपेलर शोभला. पुढे घरगुती विमानांत आलेल्या फोक्सवॅगनच्या वेगवान इंजिनांना मात्र आखूडच लागला.

८/ इतक्या वेगात पावसाचा थेंबही खड्यासारखा लागतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात अनेक प्रोपेलरच्या कडांवर आणि टोकांवर पितळी पत्रा ठोकलेला असे. त्या पत्र्याला टोकाशी बारीक छिद्रे ठेवत, म्हणजे आत शिरलेले पाणी फिरण्याच्या जोराने बाहेर फेकले जाई. आत कोंडलेली ओल लाकूड कुजवते आणि तोलही बिघडवते.

९/ आजचा हौशी विमानबांधणारा हाच वारसा पाळतो. लाकडी प्रोपेलर तो आडवा थांबवतो. उभा ठेवला तर ओल खालच्या पात्यात उतरते. ऋतू बदलला, की बोल्टांचा ताण पुन्हा तपासतो, कारण लाकूड आकसले तर पकड सैल होते. खडीवर उभे राहून इंजिन जोरात चालवत नाही. वॉर्निश उडालेली जागा लगेच झाकतो. ॲल्युमिनियमचे पाते असेल, तर बारीकशी खाचही कानसीने घासून गुळगुळीत करतो; कारण धातूत तडा बहुधा तिथूनच वाढत जातो.

१०/ इतिहासप्रेमींना एक विनंती. संग्रहालयात जुने विमान पाहाल, तेव्हा पंखांकडे पाहून झाल्यावर प्रोपेलरच्या टोकाशी क्षणभर थांबा. लाकडाचे थर मोजा, पितळी पत्रा शोधा, त्यातली छिद्रे पाहा. कुणीतरी शिकलेला धडा तिथे टाचणीएवढ्या जागेत नोंदवलेला सापडेल.