शाळा पाहावी शोधून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. त्यात मी एक भर घालू इच्छितो : शाळा पाहावी शोधून! आणि तीही कुत्र्यासाठी. वाचक हसतील, हसोत बापडे. पण आमच्या घराण्यात शाळा शोधण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. आजोबांनी वडिलांना जी जवळ होती त्या शाळेत घातले, वडिलांनी मला. शाळेची पारख करायची असते, हेच मुळी आमच्याकडे कोणाला ठाऊक नव्हते.

माझे वडील ज्या बंगल्यावर बागकाम करतात तेथे ब्रूनो नावाचा एक वर्षाचा लॅब्रॅडॉर आहे. आल्यागेल्याच्या अंगावर उडी घेणे आणि पट्टा धरणाऱ्याला फरफटत नेणे, या दोन कलांत तो निष्णात. एकदा बंगल्याच्या बाई मला म्हणाल्या, "तू मानसशास्त्र घेतलं आहेस ना? मग याला एखादी चांगली शाळा बघून दे." कॉलेजात गेलेला आमच्या घरातला पहिला मुलगा मी. माझ्या विद्येला आलेले हे पहिलेच गिऱ्हाईक! नाही कसे म्हणणार?

प्रथम पुस्तके काढली. पावलॉव्ह तर आम्हाला अभ्यासालाच आहेत. १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेच्या संशोधनासाठी. पण आज त्यांचे नाव निघते ते अन्न पुढे येण्याआधीच तोंडाला पाणी सुटणाऱ्या कुत्र्यांमुळे. थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांना पेटीत कोंडून प्रयोग केले आणि दाखवले की, ज्या कृतीतून समाधान मिळते ती कृती प्राणी पुन्हा करू लागतो. म्हणजे कुत्र्याला शिकवण्याची किल्ली शंभर वर्षांपूर्वीच हाती आली होती. तरीही 'कुत्र्याला धाकात ठेवा, त्याचे म्होरके व्हा' हा उपदेश अजून ऐकू येतो. त्याचे एक मूळ लांडग्यांत आहे. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी कोंडून ठेवलेल्या लांडग्यांच्या भांडणांवर निबंध लिहिला, आणि कळप धाकावर चालतो ही समजूत रूढ झाली. ज्या अमेरिकन संशोधकाच्या १९७० सालच्या ग्रंथाने हा विचार दूरवर नेला, त्यानेच १९९९ साली लिहिले की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले. तुरुंग पाहून गावाचे वर्णन करावे, तसे ते झाले होते!

एवढी शिदोरी घेऊन मी सायकलवर निघालो. पहिली शाळा गावाबाहेरच्या मैदानावर. दहा-बारा कुत्री एका ओळीत, पुतळ्यासारखी बसलेली. पाहून मी थक्क झालो. पण जवळ गेल्यावर दिसले की शेपट्या पायांत आहेत, कान मागे पडले आहेत आणि भर सकाळी जांभयांवर जांभया चालू आहेत. कुत्र्याची जांभई दर वेळी झोपेची नसते, मनावरच्या ताणाचीही असते. गळ्यात आवळणारी साखळी. चुकले की हिसका. दुसऱ्या ठिकाणी सांगितले, "महिनाभर ठेवून जा, गॅरंटीने शिकवून देतो. मध्ये भेटायला यायचं नाही." शिकवताना पाहू का, असे विचारले तर गृहस्थ रागावले.

रात्री जेवताना हे सारे घरी सांगितले. वडिलांनी भाकरी मोडता मोडता एवढेच विचारले, "चुकल्यावर काय करत्यात रं तिथं?"

त्यांच्या या प्रश्नामागे काय आहे ते मला माहीत होते. त्यांनी चौथीत शाळा सोडली. तेराचा पाढा त्यांना येत होता, पण गुरुजींची छडी दिसली की येईनासा होई. मग छडी, मग आणखी विसर. आजही रोपांच्या ओळी मोजताना 'तेरा साती एक्याण्णव' ते सहज म्हणून जातात. तेथे छडी नसते.

तिसऱ्या शाळेत मी पुस्तकातले काही विचारले नाही, वडिलांचाच प्रश्न विचारला. रविवारी सकाळी एका क्रीडांगणावर भरणारी ही शाळा. कुत्री सहाच, आणि प्रत्येकाबरोबर त्याच्या घरचे माणूस. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "चुकलं म्हणजे त्याला कळलं नाही. मग सोपं करून पुन्हा सांगते. बरोबर केलं की लगेच शाबासकी." त्यांच्या खिशात उकडलेल्या कोंबडीचे तुकडे होते. पट्टा ताणला की त्या थांबत, सैल झाला की चालू लागत. लसीकरणाचा दाखला त्यांनी आधी मागितला, आणि एक अट घातली : जो दिवसभर कुत्र्याजवळ असतो त्यानेच यायचे. कारण कुत्रा तासभर शाळेत शिकला, तरी उरलेला आठवडा तो घरच्यांच्या हाती असतो.

ब्रूनोजवळ दिवसभर असतात माझे वडील! चौथीत शाळा सोडलेला माणूस आता दर रविवारी, धुतलेला सदरा घालून, ब्रूनोला घेऊन शाळेत जातो. दोन महिने झाले. पाहुणा आला की ब्रूनो आता बसतो. दहातून दोनदा विसरतो. वडील त्याला रागावत नाहीत. "परत सांगू की," म्हणतात.

तेव्हा ज्यांच्या घरी कुत्रा असेल त्यांना माझे सांगणे एवढेच. पाटी, फी आणि गॅरंटी नंतर पाहा. आधी उभे राहून एक तास पाहा, आणि तो पाहू देत नसतील तर मागे फिरा. सर्वांत हुशार कुत्र्याकडे पाहू नका. ज्याला जमत नाही त्याच्याकडे पाहा. त्याची शेपूट वर असेल तर ती शाळा चांगली.

परवा वडिलांनी मलाच विचारले, "तुमच्या कालिजात चुकल्यावर काय करत्यात?"

मी म्हणालो, "एटीकेटी देतात. पुढच्या वर्गात बसवतात, आणि राहिलेला पेपर पुन्हा द्यायला लावतात."

ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, "मंग बरी हाय शाळा."