खरुची आणि अमूर ससाणा

खरुची आणि अमूर ससाणा हे ससाणा कुळातले दोन लहान शिकारी पक्षी. पंख लांब आणि टोकदार, वरच्या चोचीच्या कडेला ससाण्यांचा खास दात. आणि घरटे बांधण्याचे कष्ट दोघांनाही ठाऊक नाहीत. खरुची कड्याच्या कपारीत अंडी घालते, अमूर दुसऱ्या पक्ष्यांच्या जुन्या घरट्यात. खरुची ३२ ते ३५ सेंटिमीटर लांब, अमूर तिच्याहून थोडा लहान.

कोकणात रोह्याला भातकापणी उरकली की कुंडलिका नदीकाठची खाचरे मोकळी होतात. बांधावरचे उंदीर, टोळ, सरडे उघडे पडतात. हिवाळी पाहुणी खरुची यावरच जगते. ती वाऱ्याला तोंड देते, शेपटी पसरते आणि हवेत एकाच जागी थांबते. पंख फडफडत असतात, डोके मात्र निश्चल. नजर खालच्या गवतात रुतलेली. भक्ष्य हलले की टप्प्याटप्प्याने उतरत ती अखेरची झेप घेते. हा सारा उद्योग बहुधा एकटीचा.

अमूर ससाणा थव्याने जगतो. पूर्व सायबेरिया, मंगोलिया आणि ईशान्य चीनमध्ये वाढलेली पिल्ले मोठ्यांसह आफ्रिकेच्या दक्षिण भागाकडे निघतात. नोव्हेंबरच्या सुमारास ईशान्य भारतात वाळवीवर ताव मारून चरबी साठवतात, मग सह्याद्री आणि कोकण ओलांडून अरबी समुद्रावर झेपावतात. त्याच दिवसांत आफ्रिकेकडे निघालेले चतुर त्यांना वाटेत खाद्य पुरवत असावेत, असे अभ्यासक मानतात. रोह्याच्या आकाशाला त्यांचा सहवास लाभलाच, तर तो वाटेवरचा.

ओळख रंगांवरून पटते. नर खरुचीचे डोके राखी, पाठ विटकरी आणि त्यावर काळे ठिपके. मादी तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांची. नर अमूर गडद राखाडी, मांड्या तांबूस, पाय नारिंगी. उडताना पंखांखालचा पांढरा भाग उठून दिसतो. मादीच्या फिकट पोटावर काळ्या खुणा असतात.

खरुचीचा हिवाळा मोकळ्या माळाखाचरांवर निभावतो. रोह्याने ही माळखाचरे राखली तरी तिचे बरेचसे भागते. अमूरला मात्र वाटेवरचा प्रत्येक थांबा सुरक्षित हवा. नागालँडमध्ये २०१२ पर्यंत जाळी लावून त्यांची प्रचंड शिकार होई. २०१३ मध्ये गावकऱ्यांनीच ती थांबवली. त्या निर्णयाचे मोल कोकणालाही आहे: तिथे वाचलेला पक्षीच इथवर पोहोचतो.