गोगलगायीचे आडनाव

मराठीत ‘छंद’ या शब्दाला दोन घरे आहेत : एक पद्यरचनेत, दुसरे नित्याच्या व्यवहारात. ओवी हा छंद, आणि काड्यापेट्यांवरची चित्रे जमवणे हाही छंदच. पहिल्यात आवर्तन हा गुण ठरतो. दुसऱ्यात ते फार वाढले की घरची माणसे ‘नाद’, ‘वेड’, ‘खूळ’ असे उतरते शब्द वापरू लागतात. स्वमग्न मुलाच्या वाट्याला यांपैकी एकही शब्द सहसा येत नाही. तो तासभर झाकण फिरवीत बसला, की एकदम रोगलक्षणांचीच भाषा सुरू होते.

बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांविषयी जो निबंध लिहिला, त्याने स्वमग्नतेला वैद्यकात नाव मिळवून दिले. त्यातील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. जन्म १९३३ चा, मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावचा. वकील असलेल्या वडिलांनी त्याच्याविषयी ३३ टंकलिखित पाने कॅनर यांच्याकडे पाठविली होती. अचूक गुणगुणलेली गाणी, आकड्यांची ओढ, हाती लागेल ते भांडे जमिनीवर गरगर फिरविणे, आणि ते कोणी थांबविले तर आकांत. चार वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, १९३७ साली, डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवण्यात आले. तेथे तो निश्चल बसून राही, कशाकडेही लक्ष देत नसे. छांदोग्य उपनिषदात मृत्यूला भ्यालेले देव छंदांनी स्वतःला झाकून घेतात. या मुलाचे आच्छादनच काढून घेतले गेले होते. सुमारे वर्षभराने आईवडिलांनी त्याला परत आणले.

१९४२ मध्ये त्याला घरापासून दहा-एक मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे ठेवले. १९४५ साली कॅनर तेथे जाऊन आले, आणि जे पाहिले ते त्यांनी १९७१ च्या आपल्या लेखात नोंदले. सगळे मिळून काही ओळींचाच मजकूर आहे, परंतु तो पुनःपुन्हा वाचावा असा आहे. मुलाला मोजमापाची ओढ. म्हणून त्याला विहीर खणायला लावून तिची खोली सांगण्याचे काम दिले. तो मक्याच्या ओळी सारख्या मोजी. तेव्हा नांगरता नांगरता मोज, असे सांगितले. कॅनर यांच्यासमोर त्याने सहा लांब ओळी नांगरल्या आणि घोडा नीट वळवून दाखविला.

येथवर उपयुक्ततेचा हिशेब जुळतो. आजचे पालक आणि शिक्षक नेमके हेच विचारतात : या छंदाचा पुढे उपयोग काय? पण त्याच मजकुरात तिसरी गोष्ट आहे, आणि तिचा उपयोग कोणालाच सांगता यायचा नाही. डोनाल्ड मेलेले पक्षी आणि किडे गोळा करीत असे. जोडप्याने ते फेकून दिले नाहीत. त्याला स्मशानासाठी जमिनीचा एक तुकडा दिला आणि प्रत्येक थडग्यावर फलक लावायला सांगितले. फलकावर पहिले नाव माणसाचे, आडनाव शेतकऱ्याचे. मराठी रीतीत मधले नाव बापाचे असते. येथे ते प्राण्याच्या जातीचे. कॅनर यांनी दिलेल्या नमुन्यात ही मधली जागा गोगलगायीची आहे. जन्मतारीख अज्ञात, मृत्यूची तारीख ती सापडली त्या दिवसाची.

विहिरीपेक्षा हे स्मशान मोठे वाटते. विहिरीत मुलाची ओढ शेताच्या कामी आली. स्मशानात शेतकऱ्याने तिच्यासाठी जमीन तर सोडलीच, पण आपले आडनावही गोगलगायीला वापरू दिले. ‘आपल्यासारखा हो’ ही अट त्यात कोठेच नाही. कॅनर या जोडप्याच्या शहाणपणाने चकित झाले होते. त्यांच्या निबंधांत असा विस्मय क्वचितच भेटतो.

अर्थात, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात असा तुकडा कोठून आणायचा, हा प्रश्न उरतोच. डोनाल्डला पुढे नोकरी मिळाली ती ज्या बँकेत त्याच्या आजोळच्या घराण्याची मालकी होती तेथे. प्रत्येक घराला बँक नसते. तरी त्या बँकेच्या पलीकडचे त्याचे आयुष्य छंदांनीच भरलेले होते. तो आठवड्यातून अनेकदा गोल्फ खेळे. एकटाच प्रवासाला निघे. २८ परदेश त्याने पाहिले, पण घराबाहेर फार दिवस राहत नसे. वाटेत भेटलेल्यांशी नंतर संबंध ठेवीत नसे. ज्यांना यात मैत्रीचा अभावच तेवढा दिसतो, त्यांनी प्रवासाचा आनंद कशात असतो हे एकदा स्वतःला विचारून पाहावे.

१५ जून २०२३ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी तो वारला. शाळा-कॉलेजातील सोबत्यांना तो आपल्या मनाने एकेक क्रमांक देत असे. कोणाला कोणता, का, हे त्यालाच ठाऊक. अनेक वर्षांनी भेट झाली तरी तो क्रमांक चुकत नसे. आणि त्या सोबत्यांपैकी काहींनाही उतारवयात आपापला क्रमांक पाठ होता.