फ्रान्स... सायकलवरून!

फ्रान्स म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? आयफेल टॉवर, परफ्युम, फॅशन आणि फार तर झिदान नाहीतर एम्बापे! मीही त्याला अपवाद नव्हते. पण सेकंड इयरच्या सुट्टीत आठ आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली ती पॅरिसला नाही, तर उत्तर फ्रान्समधल्या लिल नावाच्या शहरात. इथून सायकल काढली की तासाभरात बेल्जियम! सोमवार ते शुक्रवार लॅब आणि शनिवार-रविवार मोकळे. लॅबमध्ये पीएचडी करणाऱ्या एका मुलाने त्याची जुनी रोड सायकल मला दोन महिने वापरायला दिली. मी जो काही फ्रान्स पाहिला, तो या सायकलच्या हँडलवरून.

खरं तर हा लेख मी इंग्लिश सेक्शनला देणार होते. कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढलेल्या मुलीला तेच सोपं. पण यातला शेवटचा भाग इंग्लिशमध्ये लिहायला बसले आणि तो काही केल्या जमेना. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं काय ते संपादकांनी सांभाळून घ्यावं!

तर... लिल शहर मागे पडलं की थोड्याच वेळात शेतं सुरू होतात. जमीन परातीसारखी सपाट. चढ नाही म्हणून खूश व्हाल, पण चढाची सगळी कसर वारा भरून काढतो. पश्चिमेकडून येणारा वारा तोंडावर घेऊन तासभर पॅडल मारलं की सिंहगड चढल्याइतका दम लागतो. रस्ते मात्र मस्त! गावागावांना जोडणारे छोटे डांबरी रस्ते, नकाशावर त्यांच्या नंबराआधी 'डी' हे अक्षर. तिथल्या कायद्याप्रमाणे गावाबाहेर सायकलला ओव्हरटेक करताना गाडीने दीड मीटर अंतर सोडायचं असतं. पहिल्यांदा माझ्या मागे एक ट्रॅक्टर बराच वेळ हॉर्न न देता शांतपणे येत राहिला, तेव्हा मलाच कसंतरी वाटलं. आपल्याकडे सायकलवाल्याला एवढा मान कधी मिळाला होता?

जून महिन्यात या शेतांमध्ये निळी फुलं दिसतात. लांबून वाटतं, शेतात पाणी साचलंय आणि त्यात आभाळ दिसतंय. जवळ जाऊन पाहिलं, विचारलं, तर ते निघालं जवस! होय, आपल्या चटणीतलं जवस. आपण बियांसाठी लावतो, ते लोक मुख्यतः धाग्यासाठी. यापासूनच लिनन बनतं, आणि या धाग्याच्या जवसाच्या उत्पादनात फ्रान्सचा नंबर जगात पहिला. फुलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत गळून जातात. म्हणजे उशिरा उठणाऱ्याला जवसाचं शेत नुसतं हिरवंच दिसणार! हॉस्टेलवर रविवारी अकराला उठणारी मी, तिथे फुलांसाठी सातला सायकलवर असायचे. जवसाच्या शेजारी बटाटा, गहू आणि शुगर बीट. आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यात, त्यामुळे साखर म्हणजे ऊस हे डोक्यात पक्कं. इथे साखर जमिनीखालच्या कंदातून काढतात.

आणि गावं? लाल विटांची घरं, मधोमध चर्च, एक ग्रामपंचायत, नशीब असेल तर एक बेकरी. माणूस दिसेल तर शपथ! दुपारी बारा ते दोन सगळं बंद. बाटलीतलं पाणी संपलं की काय करायचं, हे मला तिथल्या सायकलवाल्यांनी शिकवलं... सरळ स्मशानभूमीत जायचं. फुलझाडांना पाणी घालायला तिथे नळ असतो. 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नाही ना, एवढं बघायचं आणि बाटली भरायची. आजीला फोनवर हे सांगितलं तर ती ओरडलीच, "अगं बाई, तिथलं पाणी प्यायचं नसतं गं!"

लिलच्या शेजारी रूबे नावाचं गाव आहे. सायकल रेसिंगचा नाद असलेल्यांचे कान आता टवकारले असतील. पॅरिस-रूबे ही रेस १८९६ पासूनची. आता ती पॅरिसऐवजी कॉम्पिएन्यहून सुटते आणि अडीचशेहून जास्त किलोमीटर जाऊन रूबेच्या व्हेलोड्रोममध्ये संपते. त्यातले पन्नासेक किलोमीटर चक्क शेतातल्या जुन्या दगडी रस्त्यांवरून! जिंकणाऱ्याला कप नाही, दगड मिळतो. 'कारफूर द लार्ब्र' हा त्यातला एक भयंकर तुकडा, २.१ किलोमीटरचा. एका शनिवारी मी तिथे गेले. दगड म्हणजे गुळगुळीत फरशी नव्हे हं, पावाच्या आकाराचे, मध्ये बोटभर फटी असलेले दगड. व्हायब्रेशन्स हा विषय अजून शिकायचा होता, पण प्रॅक्टिकल तिथेच झालं! टायरमधली थोडी हवा आधीच काढून ठेवली होती, तरी शेवटी बोटांना मुंग्या आल्या आणि दात वाजत राहिले. बायकांची पॅरिस-रूबे सुरू व्हायला २०२१ साल उजाडावं लागलं, म्हणजे तब्बल १२५ वर्षं. ती पहिली रेस ब्रिटनच्या लिझी डाइग्ननने जिंकली. पाऊस, चिखल, हातात ग्लोव्हज नाहीत, आणि हँडलबारच्या टेपवर रक्त. त्या दगडांवरून २.१ किलोमीटर गेल्यावर मला त्या रक्ताचा अर्थ कळला.

या रेसला 'उत्तरेचा नरक' म्हणतात. मला वाटायचं, दगडांमुळे. पण नाही. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये रेस पुन्हा सुरू करायची होती, तेव्हा रस्ता पाहायला गेलेल्यांना उद्ध्वस्त गावं, जळकी झाडं आणि खड्डे दिसले. नाव तेव्हाचं आहे. हे कळल्यावर मी गावांकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागले. प्रत्येक गावात, अगदी दहा-वीस घरांच्या वस्तीतसुद्धा, एक दगडी स्तंभ असतो. त्यावर १९१४ ते १९१८ मध्ये मेलेल्या गावच्या मुलांची नावं. एकाच आडनावाची तीन-तीन, चार-चार. भाऊ असतील? चुलत भाऊ? पाणी प्यायला थांबलं की मी ती मोजायची.

आणि मग मला आमच्या घरातलं एक वाक्य आठवलं.

माझ्या खापरपणजोबांचे थोरले भाऊ पहिल्या महायुद्धात गेले आणि परत आले नाहीत. घरात त्यांच्याबद्दल एवढंच बोलतात. फोटो नाही, पत्र नाही. खरं नावसुद्धा कुणाला खात्रीने सांगता येत नाही, सगळे त्यांना 'मोठे आबा' म्हणतात. मी आजोबांना फोन केला. ते म्हणाले, "खडकीला भरती झाले होते, एवढं वडील सांगायचे. पुढं कुठं नेलं, देवाला ठाऊक."

खडकी म्हणजे बॉम्बे सॅपर्स. फौजेतले इंजिनीअर! पूल बांधणारे, खंदक खोदणारे, तारांची कुंपणं घालणारे. त्यांच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या १९१४ मध्ये फ्रान्सला आल्या होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ ला सत्तेचाळिसाव्या शीख पलटणीबरोबर त्यांना न्यूव्ह शापेल नावाचं गाव परत घ्यायला पाठवलं. बांधकाम करणाऱ्यांना पायदळासारखं वापरलं. घराघरांतून झुंज झाली, गावात शिरले, पण मदत न आल्यामुळे मागे फिरावं लागलं. दोन्ही कंपन्यांचे बहुतेक सगळे अधिकारी ठार किंवा जखमी झाले. मार्च १९१५ मध्ये त्याच गावासाठी पुन्हा मोठी लढाई झाली, त्यातही हिंदी फौज होती. लिलपासून ते गाव सायकलने जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटर!

जुलैमधल्या एका रविवारी गेले. जवसाची फुलं तोवर संपली होती, बटाट्याला मात्र आलेली होती. गावाबाहेर चौकात एक गोल भिंत, आत हिरवळ आणि कमळाच्या आकाराचा माथा असलेला उंच खांब, दोन्ही बाजूंना दगडी वाघ. हे स्मारक १९२७ साली उभं राहिलं. ज्यांची कबरही नाही अशा ४,७०० हून जास्त हिंदी सैनिकांची आणि मजुरांची नावं भिंतीवर पलटणीप्रमाणे कोरली आहेत. आत मी एकटीच. बाहेर शेतात पाण्याचे फवारे चालू होते, त्यांचा आवाज तेवढा.

सॅपर्सचा भाग सापडला. इंग्लिश अक्षरांत मराठी नावं. आमच्या गावात आजही हाक मारली तर 'ओ' देतील अशी. आमचं आडनावही होतं. पण ते आडनाव साताऱ्यात घरटी सापडतं. नंबर माहीत नाही, कंपनी माहीत नाही, नाव पक्कं नाही. आणि खडकीचे सॅपर्स मेसोपोटेमियातही गेले होते. तिथूनच आजोबांना व्हिडिओ कॉल लावला. भिंत दाखवली, आडनाव दाखवलं.

"तेच असतील का हो आजोबा?"

आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाळा, त्यांचे नसतील तर दुसऱ्या कुणाचे तरी मोठे आबा आहेत ना ते? तू हात जोडून ये." मग त्यांनी मला त्या खांबाकडे कॅमेरा वळवायला सांगितला. खांबावर इंग्लिश, अरबी आणि गुरुमुखीबरोबर देवनागरीतही अक्षरं कोरली आहेत. ती आजोबांनी सातासमुद्रापलीकडून, चष्मा वर-खाली करत, मोठ्याने वाचली. शाळेत ज्या लिपीकडे मी शंभर मार्कांचा पेपर म्हणून बघत होते, ती फ्रान्समधल्या बटाट्याच्या शेतात शंभर वर्षांच्या आसपास उभी आहे, आणि त्या चौकातून जाणाऱ्या गाड्यांत ती वाचता येणारं क्वचितच कुणी असेल. मला येत होती.

येताना वारा पाठीवर होता. कुठेही न थांबता लिलपर्यंत आले.

आता खडकीच्या रेकॉर्डकडे पत्र पाठवायचं काम आजोबांनी माझ्यावर सोपवलंय. गावाच्या नावावरून काही सापडतं का बघायचं. सापडेलच असं नाही. आणि मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाला परदेशी इंटर्नशिप मिळाली तर पॅरिसचे फोटो जरूर काढा, पण एक सायकल मिळवा आणि शहराबाहेर पडा. गाव आलं की तिथल्या दगडी स्तंभापाशी दोन मिनिटं थांबा, नावं वाचा. आणि पाण्याची बाटली कुठे भरायची, ते तर आता तुम्हाला माहीत आहेच!