लाखेनगर, गौरा चौरा आणि एक निळा ठिपका

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा पुण्याहून रायपूरला आला. कॉलेजात शिकतो, उंचीनं मला कधीच मागे टाकलंय, पण फोनवरचा ‘पोकेमॉन गो’ काही सुटलेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या ठेल्यावर पोहे-जिलेबी खाऊन आम्ही गल्लीत शिरलो, तर त्यानं फोन माझ्यासमोर धरला. म्हणाला, “मावशी, तुझ्या गल्लीत काहीच नाही गं! नुसता हिरवा कागद.”

मला ते जरा लागलंच. तीस वर्षं झाली मला या गल्लीत. लग्न होऊन आले तेव्हा पाणीपुरीला इथे ‘गुपचुप’ म्हणतात हेही माहीत नव्हतं, आणि आता पुण्याला गेले की मीच गुपचुप मागते. माझं अर्धं आयुष्य जिथे गेलं तिथे ‘काहीच नाही’ म्हणजे काय? मी म्हटलं, “तुझ्या खेळाला दिसत नसेल. मला दिसतंय.”

तो हसला. “मग घाल ना तू. खेळाडूच घालतात जागा.”

आणि आमची सुट्टी अशी सुरू झाली.

नकाशावरचे ठिपके येतात कुठून?

तुमच्या घरात कुणी हा खेळ खेळत नसेल तर थोडक्यात सांगते. हा खेळ सोफ्यावर बसून खेळायचा नाही. फोनवर दिसतो तो तुमच्या खऱ्या रस्त्यांचाच नकाशा. तुम्ही चालाल तसा तो पुढे सरकतो. जुलै २०१६ मध्ये काही देशांत तो सुरू झाला आणि डिसेंबर २०१६ मध्ये भारतात अधिकृतपणे आला. २०२३ मध्ये तो हिंदीतही आला. नकाशावर जागोजागी निळे ठिपके असतात, त्यांना ‘पोकेस्टॉप’ म्हणतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एक खरी जागा: एखादं देऊळ, पुतळा, वाचनालय, बाग, भिंतीवरचं चित्र. तिथे चालत पोचलात की खेळात लागणाऱ्या वस्तू मिळतात.

या जागा कुठल्या सरकारी यादीतून आलेल्या नाहीत. हा खेळ मुळात ज्या नायँटिक कंपनीनं बनवला, तिचा ‘इन्ग्रेस’ नावाचा आधीचा खेळ २०१२ साली आला होता. त्याच्या खेळाडूंनी गावोगावच्या जागांचे फोटो काढून पाठवले होते, आणि त्यातल्या पुष्कळ जागा पुढे पोकेमॉनच्या नकाशावर आल्या. आजही खेळात बरीच वरची पायरी गाठलेला खेळाडू नवी जागा सुचवू शकतो. ती ‘वेफेअरर’ नावाच्या व्यवस्थेत जाते. तिथे चाचणी पास झालेले दुसरे खेळाडू फोटो आणि माहिती वाचून ठरवतात, घ्यायची की नाही. काही छाननी आता संगणकही करतो.

म्हणजे बघा, तुमच्या गल्लीचा निर्णय असा कुणीतरी घेणार, ज्यानं तुमची गल्ली कधी पाहिलेली नाही. त्याला दोन फोटो, एक नाव आणि चार ओळी एवढ्यावरच पटवायचं असतं. जागेला तीनपैकी एक तरी गुण हवा: फिरून पाहण्यासारखी, चालण्या-व्यायामाला उपयोगी, किंवा चार माणसं जमतात अशी.

चला, रायपूर फिरू या

आधी आम्ही शहरातल्या मोठ्या जागा पाहत निघालो. तुम्ही रायपूरला आलात तर तुम्हीही असंच करा; फोनवर खेळ असो वा नसो.

घडी चौकापासून सुरुवात करा. इथली नगर घडी तासाचे ठोके देण्याआधी छत्तीसगढी लोकधून वाजवते. दोन मिनिटं थांबून ऐकाच. जवळच महंत घासीदास संग्रहालय आहे. राजनांदगावच्या राजा महंत घासीदासांच्या पुढाकारानं ते १८७५ मध्ये उभं राहिलं. अशा जागांना नकाशावर यायला अडचण येत नाही.

तिथून बुढातालाबला या. सरकारी नाव विवेकानंद सरोवर. पाण्याच्या मधोमध बागेत स्वामीजींचा ३७ फूट उंच बैठा पुतळा आहे. १८७७ मध्ये चौदा वर्षांचा नरेंद्र वडिलांबरोबर रायपूरला आला आणि जवळपास दोन वर्षं या बुढापारा भागात राहिला. इथे मला खेळाचा पहिला नियम कळला. नुसतं तळं चालत नाही! निसर्गातली गोष्ट एकटी पुरत नाही. तिथे माणसानं उभारलेलं काहीतरी हवं. पुतळा चालतो, घाट चालतो, माहितीची पाटीसुद्धा चालते.

दुसरा नियम शंभरेक पावलांवर भेटला. तळ्याजवळच माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. मी उत्साहानं म्हटलं, “ही घाल!” भाचा म्हणाला, “शाळा अजिबात नाही. लहान मुलं असतात तिथे. अनोळखी माणसं फोन घेऊन फाटकाशी उभी राहायला नकोत.” पटलं मला. राहती घरंही याच कारणानं चालत नाहीत. पोलीस, अग्निशमन, दवाखाना यांच्या वाटेत अडथळा होईल अशी जागाही नको.

तिसरा नियम जयस्तंभ चौकात. सोनाखानचे जमीनदार वीर नारायणसिंह यांनी १८५६ च्या दुष्काळात व्यापाऱ्याचं धान्याचं कोठार उघडून भुकेल्यांना वाटलं. पुढे ते इंग्रजांविरुद्ध लढले आणि १० डिसेंबर १८५७ ला त्यांना मृत्युदंड दिला गेला. तो याच चौकात, असं रायपूर मानतं. याहून मोठी जागा कुठली? पण नियम म्हणतो, पायी सुरक्षित पोचता आलं पाहिजे. रहदारीच्या मध्ये असलेल्या कुठल्याही स्मारकाला हा प्रश्न विचारला जातोच. गाड्यांच्या त्या गर्दीत उभं राहून मी विचार करत होते, की हुतात्म्यापाशी दोन मिनिटं उभं राहायला साधा पादचारी रस्ता हवा, हे एका खेळानं आपल्याला सांगावं!

‘लाखे’ म्हणजे कोण, मावशी?

परतताना ऑटोवाला ओरडत होता, “लाखेनगर, लाखेनगर!” भाच्यानं सहज विचारलं, “लाखे म्हणजे मराठी आडनाव ना? कोण होते?”

मी म्हटलं, “असतील कुणीतरी आपलेच.” आणि माझी मलाच लाज वाटली. तीस वर्षं मी हे नाव ऑटोवाल्याला सांगते आहे, गॅसच्या पावतीवर लिहिते आहे.

रात्री घरात जुनी पुस्तकं काढली, ओळखीच्यांना फोन केले. मग कळलं. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा गावातून ‘छत्तीसगढ मित्र’ नावाचं हिंदी मासिक निघालं. छत्तीसगढच्या हिंदी पत्रकारितेची सुरुवात तिथून मानतात. संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिघंही मराठी घरांतले, आणि काढलं काय, तर इथल्या लोकांसाठी हिंदी मासिक! ते तीनच वर्षं चाललं. सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा त्यातच १९०१ मध्ये आली. हिंदीतल्या अगदी पहिल्या कथांमध्ये तिची गणना होते. टिळकांचं ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ हिंदीत नेणारेही सप्रेच. १९२६ मध्ये रायपुरातच ते गेले. लाखे पुढे या भागातल्या सहकारी चळवळीच्या उभारणीत रमले.

मराठी माणसं इथे आली तीही एकदम नाही. १७४१ नंतर नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढावर बसत गेला, तो १८५४ पर्यंत राहिला. पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर, म्हणून कचेऱ्या, शाळा आणि रेल्वेच्या निमित्तानं घरं येत राहिली. तात्यापाऱ्यासारख्या वस्त्यांत रुजली. आज चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे, गणपतीत आम्ही तिथे आरत्या म्हणतो. पण मुलांना ‘लाखे कोण’ विचारलं तर ती माझ्याकडे बघतात. आणि मी पुस्तकाच्या कपाटाकडे!

आमच्या गल्लीतला ओटा

आता आमची गल्ली. भाच्यानं विचारलं, “इथे असं काय आहे, जे दुसरीकडे नाही?” मी आजूबाजूला पाहिलं. किराणा दुकान, हातपंप, आणि नळाजवळचा सिमेंटचा एक ओटा, ज्याला टेकून मी रोज स्कूटी लावते. तो ओटा म्हणजे गौरा चौरा.

छत्तीसगढच्या जुन्या पाऱ्यांत, म्हणजे वस्त्यांत, असा ओटा हमखास दिसतो. दिवाळीत त्याच्याभोवती गौरा-गौरीचं लग्न लागतं. गौरा म्हणजे शंकर. आधीचे काही दिवस इथे फुलं कुटण्याचा विधी होतो, बायका गाणी म्हणतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मातीच्या मूर्ती घडवतात, वाजतगाजत वरात निघते, आणि दुसऱ्या दिवशी तळ्यात विसर्जन. मुळात गोंड समाजाचा हा सण, पण साऱ्या पाऱ्याचा होऊन जातो.

आम्ही घाईघाईनं ओट्याचा फोटो काढला. संध्याकाळची वेळ, अर्ध्या फोटोत माझी स्कूटी. नाव लिहिलं ‘चबुतरा’, माहिती लिहिली ‘सुंदर आणि प्राचीन जागा’. नाकारली गेली. चूक आमचीच होती. लांबच्या माणसाला त्यात काय दिसणार? सिमेंटचा एक ठोकळा!

मग मी समोरच्या अम्मांकडे गेले. सत्तरी ओलांडलेल्या, दर वर्षी गाणी त्याच उचलतात. मी वही घेऊन बसले तशी त्यांनी आधी चहा ठेवला. मग हसून विचारलं, “तीस साल बाद पूछ रही हो?” त्यांनी सांगितलं, की आधी इथे मातीचा ओटा होता, पावसाळ्यानंतर दर वर्षी पाऱ्यातल्या बायका तो शेणानं सारवून घ्यायच्या. सिमेंट नंतर आलं. त्यांचं स्वतःचं लग्न होऊन त्या आल्या, तेव्हा पहिल्या दिवाळीत सासूनं त्यांना याच ओट्यापाशी गाणं शिकवलं. मी खिडकीतून दर वर्षी वरात पाहिली होती. खाली उतरून कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्यांदा आम्ही नीट केलं. स्कूटी हलवली. सकाळच्या उन्हात एक फोटो ओट्याचा, एक थोडं मागे जाऊन गल्लीसकट. नाव ‘गौरा चौरा’. माहितीत लिहिलं, इथे कोण जमतं, कधी जमतं, काय करतं.

तुम्हालाही घालायची असेल तर

- फोटो स्वतः काढा, उजेडात काढा. इंटरनेटवरून उचललेला चालत नाही. माणसांचे चेहरे येऊ देऊ नका.
- दुसरा फोटो परिसराचा असतो. त्यात ती जागा आणि आजूबाजूची ओळखीची खूण दिसू द्या.
- जागेच्या पाटीवर जे नाव असेल तेच लिहा. पाटी नसेल तर लोक म्हणतात ते.
- ‘सुंदर’, ‘प्रसिद्ध’ हे शब्द टाळा. जागा कशासाठी आहे ते सांगा.
- खोटं काही घालू नका. नसलेलं देऊळ नकाशावर उभं केलं तर खातं बंद होऊ शकतं.
- दोन जागा अगदी जवळ असतील तर मंजूर होऊनही पोकेमॉनच्या नकाशावर एकच दिसू शकते. निराश होऊ नका.
- देवळाची जागा असेल तर आधी तिथल्या माणसांशी बोला. २०१६ मध्ये देवळांच्या जागी खेळात अंडी मिळतात म्हणून गुजरात उच्च न्यायालयात याचिका झाली होती. कुणाची श्रद्धा दुखवून ठिपका मिळवण्यात गंमत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरातल्या थोरांना बरोबर न्या. मुलांना फोन कळतो, आजी-आजोबांना गल्ली कळते. फॉर्म भरायला दोघंही लागतात.

भाचा पुण्याला परत गेला. काही आठवड्यांनी त्याचा मेसेज आला: “मावशी, झालं मंजूर!” सोबत नकाशाचं चित्र, आमची हिरवी गल्ली आणि तिच्यात एक निळा ठिपका. मी फोन घेऊन अम्मांकडे धावले. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. त्यांना विचारलं, आता खेळणारी मुलं इथे येतील, चालेल ना? म्हणाल्या, “आएँ, जरूर आएँ. बस चप्पल पहन के चौरा पे मत चढ़ें.”

ही एक ओळ माहितीत लिहायची राहिली. तुम्ही कधी लाखेनगरकडे आलात तर लक्षात ठेवा. आणि हो, माझी स्कूटी आता पलीकडच्या भिंतीला लावते.